यशाचं कारण

'यशाचं कारण' एवढंच लिहून गवाणकर सरांचं पेन थांबलं. कॉलेजच्या वार्षिकांकात मुलींच्या बास्केटबॉल संघाचा आढावा द्यायचा होता. दिवाळीपर्यंत सरांनी बाकावरून घसा फोडून सूचना दिल्या, तरी मुली सातही सामने हरल्या. मग त्यांचा पाय मोडला, ते दोन महिने घरी पडून राहिले आणि त्याच मुली विद्यापीठाचा करंडक घेऊन आल्या! पेढे वाटावेत की तोंड लपवावं, सरांना कळेना.

शेवटी काठी टेकत ते सरावाला गेले आणि कॅप्टनला त्यांनी सरळच विचारलं, "ऋजुता, मी नसताना तुम्ही असं काय केलंत गं?"

ती चाचरली. "वेगळं काही नाही, सर. तुम्ही बाकावर असलात की आमचं सगळं लक्ष तुमच्याकडे असायचं. तुम्ही नव्हतात, मग आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो."

हे कौतुक की तक्रार? सरांनी सवयीनं शिट्टी ओठांशी नेली. ती वाजायच्या आधीच चेंडू थांबला आणि सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

आता पुढे काय करायचं ते सरांना सुचेना. त्यांनी ऋजुताकडे बघितलं.