हात लावू नये

नवऱ्याच्या टाकीतले मासे जेमतेम वर्षभर जगत. मागे उरत ती त्यांची अंडी, तळाच्या मातीत. ती ओलसर माती पिशवीत बांधून सहा महिने ठेवायची, मग पाणी घातलं की पिल्लं हजर! या कामात बायकोची लुडबुड त्याला मुळीच खपत नसे.

पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, आणि तेव्हापासून पिशव्यांवर तिच्यासाठी चिठ्ठ्या दिसू लागल्या. 'पाणी गार घाल. पिल्लं लगेच दिसली नाहीत तर घाबरू नकोस.' चिठ्ठी दिसू नये म्हणून ती पिशवी उलटी करून ठेवायची.

आज तो रिपोर्ट घेऊन आला तो थेट टाकीकडे. माती पिळून त्याने नवी पिशवी भरली.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"थांब गं जरा, विसरायच्या आत लिहू दे."

हात पुसून तो चिठ्ठी लिहायला बसला. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं. सहा महिन्यांनंतरची तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मी भिजवणार. हिने हात लावू नये.'

"मेलं कोण लावतंय हात!" ती फणकारली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिचा जीव भांड्यात पडला.