ढोलकीचा घुमारा

गुणाबाई पुन्हा अंगणात पळत आली. काखेत नात, डोक्यावर नवे हेडफोन.

समोरच्या ओट्यावर शेजारीण पंचफुला शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "गुणाबाय, आज भुई हालली का ढोलकी?"

गुणाबाईनं खाली पाहिलं. भुई जागच्या जागी होती. शेवग्याचं पानही हललं नव्हतं. कानांत मात्र भीमगीत चाललं होतं आणि ढोलकीचा घुमारा तिच्या काळजावर थापा मारत होता.

किल्लारीच्या भूकंपात तिचं सगळं माहेर माळवदाखाली गेलं. जमिनीच्या पोटातली गडगड तिच्या कानांनी आधी ऐकली, म्हणून ती तेवढी वाचली. तेव्हापासून ते कान कधी निजलेच नाहीत. ट्रॅक्टर गेला की ती बाहेर. आभाळ गडगडलं की बाहेर. निलंग्याकडच्या तिच्या सासरच्या गावाखालीही अधूनमधून खरंच काहीतरी घुमायचं, तेव्हा तर विचारायलाच नको. आणि नात लुंबिनी जन्मल्यापासून ती एकटी पळत नसे, लेकराला उचलूनच पळे.

मागं अशीच पळताना पायरीवर घसरली आणि लुंबिनीच्या कपाळाला टेंगूळ आलं. सून उज्वला सासूला काही बोलली नाही. नवऱ्याला मात्र म्हणाली, की लेकरू आत्यांपाशी टाकून नोकरीवर जायला तिचा जीव धजत नाही. उमरीला आपल्या आईकडे ठेवू, मोठी होईपर्यंत.

गुणाबाईनं ते भिंतीआडून ऐकलं. 

रविकांतनं मायची बाजू घेतली नाही की बायकोची. तो लातूरहून हे हेडफोन घेऊन आला. जाड गाद्यांचे, कान अख्खे झाकणारे. दुकानदार त्याला म्हणाला होता, नव्या माणसाच्या अंगावर येतो जड आवाज, मग कान सरावतात. रविकांतला वाटलं, कान सरावले तर भीतीही सरावेल.

पहिल्यांदा घातले तेव्हा गाणारा थेट कपाळाच्या आत येऊन बसला. मग रविकांतनं कडेचं बटण दाबलं आणि बाहेरचं जग विझलं. चिमण्या गेल्या, नळ गेला, लुंबिनीचं हुंकारणं गेलं. मातीखाली असंच असेल, असं गुणाबाईच्या मनात आलं आणि तिनं ते ओरबाडून काढले.

पण उमरी आठवली की ती पुन्हा घाले.

उज्वला रोज संध्याकाळी शेजारी बसायची. मनानं वाईट नव्हती ती. सासूचा गार पडलेला हात हातात घेऊन समजावायची. "आत्या, पायातून वर चढल्यावानी वाटतंय ना, ते गाण्याचंच हाय. डोळे झाका अन् बसून ऱ्हावा. काय होत न्हाई."

गुणाबाई बसायची. उठायची, पळायची, ओशाळून परत यायची. घुमारा म्हणजे दारात आलेला परका बैल. आधी नुसती शिंगं दिसली. मग हळूहळू त्याचे डोळे दिसायला लागले. झांज कुठं, गाणाऱ्याचा श्वास कुठं, हे कळू लागलं. दुपारी पाळण्याची दोरी ओढताना ती आपलीच ओवी गुणगुणायची:

हळू गं चाल भुई, बाळ निजलं पाळण्यात
तुझ्या पोटाची गडगड, ठेव तुझ्याच पोटात

आणि रविवारी उज्वलाचा भाऊ दयानंद लेकराला न्यायला उमरीहून आलाच. जयभीम घातला, खुर्चीत बसला. लुंबिनीची झबली, दुधाची बाटली, सगळं पिशवीत भरून झालं होतं.

रविकांत चाचरत बोलला. एक गाणं होऊ द्या. सगळ्यात जड ढोलकीचं. माय उठली न्हाई, तर लेकरू इथंच ऱ्हाईल.

उज्वलानं भावाकडं पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

दयानंद हसला. "मावशी, परीक्षाच घेऊन राहिले की हे तुमची."

"घेऊ दे बाबा," गुणाबाई म्हणाली. "न्हाई उठत मी."

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. समोर पाळणा, त्यात लुंबिनी मूठ चोखत पडलेली. तिला डोळे भरून पाहिलं, हेडफोन घातले, डोळे मिटले. रविकांतनं बटण दाबलं. जग विझलं.

गाणं सुरू झालं. पहिला घुमारा आला आणि गेला. दुसरा आला, तिनं त्याला ओळखलं. तिचे तळहात गुडघ्यांवर घट्ट होते.

मग मोठा आला. एवढा मोठा कधी आला नव्हता. फरशीतून घोट्यांत चढला, कमरेत शिरला, दातांत वाजला. पाठीमागची भिंतसुद्धा ढोलकी झाली. कुणाचा तरी धक्का तिच्या खांद्याला लागला. ऊठ, ऊठ, असं तिचं सगळं अंग ओरडत होतं. मला हुसकून पाहतात, असं म्हणून ती आणखी घट्ट बसली. लुंबिनी उमरीच्या घरात अनोळखी दोरीला निजायची नाही, एवढंच ती घोकत राहिली. घामानं तिचा पदर भिजला. पण ती उठली नाही.

घुमारा ओसरला. गाणं संपलं. कानांत सगळं निवांत झालं. तिनं हेडफोन काढले आणि कितीतरी वर्षांनी मनापासून हसत डोळे उघडले.

तिच्या मांडीवर छताचा गिलावा पडला होता. दयानंदची खुर्ची आडवी झाली होती. पाळणा रिकामाच झोके खात होता. दार सताड उघडं होतं आणि बाहेर रस्त्यावर सगळा गाव गोळा झाला होता. सगळ्यांच्या पुढं, लुंबिनीला छातीशी कवटाळून, उज्वला उभी होती.