कुणीतरी आत आहे

सत्त्याण्णव साली बियाणे कंपनीच्या सांगली ऑफिसातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद करायचं ठरलं. दुपारी अवधूत कमांड देत त्यावरची एकेक सेवा थांबवू लागला. एकीच्या आधारावर दुसरी चालायची, म्हणून क्रम उलटा: आधी छपाई, मग निरोपांची देवाणघेवाण, मग डेटाबेस. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं संथपणे वर सरकत होती आणि पंख्याच्या वाऱ्यात त्याचे डोळे जड होत होते. डेटाबेस मात्र थांबेना. फोनच्या लाइनने जोडलेल्या सातारा ऑफिसातलं कुणीतरी अजून आत होतं.

त्याने साताऱ्याला फोन लावला. वल्लरीने उचलला. पाच वर्षं या कॉम्प्युटरच्या निमित्ताने दोघं रोज बोलत होते, पण भेट एकदाही झाली नव्हती.

"तुमच्याकडे कुणाचं काम राहिलंय का?"

"काम नाही. मीच बसलेय आत."

"मग बाहेर पडा ना. मला बंद करता येत नाहीये."

ती हळूच म्हणाली, "बंद झाल्यावर तुम्ही फोन कशासाठी कराल?"

अवधूतने कीबोर्ड बाजूला सारला.

"दोनच्या एसटीने निघतो," तो म्हणाला. "मी पोचेपर्यंत आतच थांबा."