आठशे बारावा माणूस

“आजी, हा माणूस आमच्याकडे नाही,” फौजेच्या कचेरीच्या खिडकीतून क्षमाने तिसऱ्यांदा सांगितलं.

“काहून नाही? नथ्थू बाबाराव ठवकर. इथंच, जबलपूरला भरती झाला. त्याच्या कसम परेडीला मी कुंडमहून डबा घेऊन आली होती.”

इंदूबाई खिडकीपासून हलायला तयार नव्हत्या. मागे रांग वाढत होती. शेवटी क्षमाने त्यांना आत बोलावून खुर्ची दिली.

त्यांना पेन्शन नको होतं, सन्मान नको होता. फक्त एक तारीख हवी होती.

“त्र्याऐंशीत शेवटचं पत्र आलं. पलटण बदलून राहिली, नवा पत्ता कळवतो म्हणे. कळवलाच नाही. सासऱ्यानं बारा वर्षं वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा जाळला. माझं कपाळ पुसलं. पण ती तर पुतळ्याची तिथी झाली ना पोरी. दरसाल मी पान वाढते अन् मनात म्हणते, चुकीच्या दिवशी बोलावून राहिली तर हा येईल कसा?”

बाजूच्या टेबलावरून हेडक्लार्क अच्युतकाका बोलले, “मावशी, ती पलटण त्र्याऐंशीतच दुसऱ्या रेजिमेंटला गेली. कागद तिकडे.”

“तिकडचे म्हणतात, इकडे.”

क्षमाला या कचेरीत लागून चार महिने झाले होते. पलटणी देशभर पांगलेल्या असल्या तरी प्रत्येक पलटण कुठल्या तरी एका रेजिमेंटची असते आणि तिची भरती, प्रशिक्षण, कागद सगळं त्या रेजिमेंटच्या केंद्रात असतं, हे तिला आता पाठ होतं. अधूनमधून वरून फेररचनेचा हुकूम येतो आणि एखादी पलटण अख्खी उचलून दुसऱ्या रेजिमेंटला देतात. अच्युतकाका त्याला दत्तकविधान म्हणत.

“दत्तक गेलं की गोत्र बदललं,” इंदूबाई गेल्यावर ते म्हणाले. “मग जन्मदात्याला कोण विचारतं?”

“गोत्र बदलतं, काका. पोरं कमी होत नाहीत.”

“वा! केमिस्ट्रीवाली, तुझा डबा थंडा होऊन राहिला.”

पण केमिस्ट्री शिकून आलेल्या क्षमाला चैन पडेना. भांड्यात जेवढं घातलं तेवढं बाहेर निघालंच पाहिजे. नाही निघालं तर भांडं कुठेतरी गळतंय, इतकं साधं होतं ते. तिने जुना पट काढला. पलटण जाण्याआधी, त्र्याऐंशीच्या एक जूनला, तिच्यात आठशे बारा माणसं होती. मग तिने त्या दुसऱ्या रेजिमेंटच्या केंद्रात फोन लावला. तिथला अतुल नावाचा क्लार्क कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “गिन के बताता हूँ, दीदी.”

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “आठ सौ ग्यारह आये थे. दो बार गिना.”

“काका, एक माणूस वाटेत सांडला,” क्षमा म्हणाली.

अच्युतकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

“आजारी असेल,” ते म्हणाले. “जवान खूप दिवस इस्पितळात पडला की पलटणीच्या पटावरून त्याचं नाव काढतात अन् केंद्राच्या आजारी यादीत टाकतात. पलटणीला बदली माणूस मागता येतो. नेमका त्याच महिन्यात हुकूम आला असेल. आपण समजलो तो पलटणीसोबत गेला. ते समजले तो आपल्याकडे राहिला.”

निवृत्तीला दोन महिने राहिलेला तो हेडक्लार्क स्वतः शिडी घेऊन रेकॉर्डखोलीत शिरला. जेवणाची सुट्टी संपून गेली तरी बाहेर आला नाही. आला तेव्हा भुवयांपर्यंत धूळ होती आणि हातात पिवळी पडलेली आजारी यादी.

इंदूबाईंना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या आल्या. क्षमाने त्यांना नथ्थूच्या नावापुढची ओळ वाचून दाखवली. ट्रक उलटला. डोक्याला मार. बोलत नाही. पुढच्या इलाजासाठी मोठ्या इस्पितळात रवाना. ‘घरी कळवणे’ या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘पलटण कळवील.’ त्यापुढे काही नव्हतं.

“म्हणजे पळून नव्हता गेला,” इंदूबाई म्हणाल्या.

“नाही, आजी.”

“गावात भगोडा म्हणत होते. सासूनं तेच ऐकत डोळे मिटले.” त्यांनी पदराने चेहरा पुसला, एकदा, दोनदा. मग सावरून बसल्या. “चलो. हे तर झालं. आता दिवस सांग.”

ते मोठं इस्पितळ कधीच दुसरीकडे हललं होतं. तिथून एक नंबर मिळाला, त्या नंबरवरून आणखी एक. सकाळचे अकरा वाजेपर्यंत क्षमा पाच जणांशी बोलली होती. सहाव्या ठिकाणी, लांबच्या शहरातल्या एका वॉर्डात, मनीषा नावाच्या सिस्टरने फोन घेतला. मराठीच होती.

“त्र्याऐंशीचे पेशंट? थांबा हं, जुनं रजिस्टर काढते.”

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. अच्युतकाकांनी तिथी काढायला मोबाईलवर पंचांग उघडून ठेवलं. इंदूबाईंनी हात जोडले होते, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनाही ऐकू यावं म्हणून क्षमाने फोनचा स्पीकर लावला.

“हां, सापडलं. ठवकर. घरचा पत्ता नाही, रेजिमेंटची जागा कोरी. काय हवंय तुम्हाला?”

“मृत्यूची तारीख,” क्षमा म्हणाली. “त्यांच्या घरच्या बाई समोरच बसल्या आहेत.”

पलीकडे रजिस्टर मिटल्याचा आवाज आला.

“घरच्या?” मनीषा म्हणाली. “मॅडम, फोन ठेवू नका. ते अंगणात ऊन खात बसलेत, मी धरून घेऊन येते.”