पाटावरची छपरी

“करवतीचे दात भिंतीकडं ठेवतात,” ज्ञानेश्वर मिस्त्री बाजेवरून म्हणाला.

पंचफुलानं मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात जेवायचा पाट होता. पाटावर सागाच्या चिपा, पत्र्याचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या अन् डिंकाची बाटली असा सगळा पसारा. पत्र्याची बोटभर करवत तिनं पाटावरच्या इवल्या भिंतीला टांगली होती, दात बाहेर काढून.

“चुकलं का जी?”

“येता-जाता कोनाच्या दंडाले लागन थे.” एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

अख्ख्या पावसाळ्यात हत्यारांबद्दल त्यानं काढलेला हा पहिला शब्द.

अमडापूरच्या आजूबाजूला बैलगाडीचं चाक म्हटलं की ज्ञानेश्वर मिस्त्रीचंच. उन्हाळ्यात लकवा मारला अन् उजवा हात लुळा पडला. चिखलीच्या डॉक्टरनं रबरी चेंडू दिला. डावा हात कामाला लावा, उजवाही हळूहळू मागून येईल, म्हणाला. मिस्त्रीनं तो चेंडू नालीत भिरकावला. “सुतारानं चेंडू खेळाव काय बे?” मग मलकापूरला पुतण्याला, भागवतला फोन लावला. खंडेनवमीला ये अन् हत्यारांची पेटी घेऊन जाय, मले नाही पाह्यजे.

पेटी घरातून गेली की हा माणूस बाजेवरून उठायचा नाही, हे पंचफुलाला पक्कं ठाऊक होतं. पण हट्टी माणसाला समजावणार कोण? श्रावणभर ती दुपारची मागच्या खोलीत दार लोटून गोधडी शिवत बसायची. गोधडी काही पुरी होईना. गणपती उठले अन् तिनं हे नवंच खूळ काढलं. लेकीनं, राखीनं मोबाइलवर दाखवलं होतं म्हणे, लोक हौसेनं काडीकाडीची दुकानं करतात. आपण आपली सुतारकामाची छपरी करू. बसायला जागा कोणती, तर नेमकी नवऱ्याच्या बाजेपुढं!

शेजारची कोकिळा वाटीभर साखर मागायला आली अन् बघतच राहिली.

“अवं माय! हे खुर्ची हाये का शेळी? रोहिणखेडच्या नावाजल्या सुताराची लेक तू. भाऊ नाही म्हनून बाप करवतीचं दुसरं टोक तुह्याच हाती देये म्हनत. अन् हे काय वं?”

“शिकन म्हटलं तं लगन लागलं,” पंचफुला हसली.

बाजेवर मिस्त्रीनं कूस बदलली. हसला की कण्हला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं इवल्या रंध्यात पातं उलटं बसवलं. मिस्त्री चरफडला. मग तिनं पटाश्या अशा लावल्या की एकीला हात घालावा तर दुसरी बोट कापेल. मिस्त्रीनं शिव्या घातल्या. दर वेळी ही भाबडेपणानं विचारायची, “चुकलं का जी?”

मग तिनं बैलगाडीचं चाक केलं. कडेचे दोन तुकडे जिथं जुळतात, नेमका तिथंच आरा, म्हणजे चाकाचा दांडा, ठोकला.

मिस्त्री ताडकन उठून बसला. “जोडावर आरा? अवं, पह्यल्याच दगडावर फुटन थे चाक! लोकं काय म्हनतीन? आन इकडं!”

डाव्या हातानं पटाशी धरली खरी, पण ती घसरली अन् अंगठ्यातून रक्त आलं. त्यानं पटाशी फेकली, स्वतःच्या हाताला नाही नाही ते बोलला. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हळद लावली अन् पुन्हा आपल्या जागी बसून तोच आरा तिथंच ठोकू लागली.

“ठेव थे खाली!” मिस्त्री ओरडला अन् बाजेवरून उतरून पाटाशी येऊन बसला.

तिथून तो पाट त्याचाच झाला. ही चुकवायची, तो उखडून नवं करायचा. लुळा हात तो वजनासारखा लाकडावर ठेवायचा. एक दिवस त्या हाताच्या अंगठ्यानं काडी जराशी दाबून धरली. दोघांनीही पाहिलं. त्या दिवशी मिस्त्री भाकरी जास्त जेवला.

खंडेनवमीला भागवत आला. हत्यारांची पूजा झाली. पेटीशेजारी पाटावर छपरी मांडली होती. भागवत वाकून बघत राहिला, मग त्यानं बोटानं चाक फिरवलं.

“काका, हे कोनं केलं?”

“माह्या डाव्या हातानं,” मिस्त्री छाती काढून म्हणाला. “तुह्या काकूले तं धड खिळा ठोकता येत नाही. बिघडवून ठेवलं होतं समदं.”

“मंग पेटी?”

“पेटी राहू दे. तूच येत जाय. चाक कसं भरतात, दाखवतो तुले.”

“चहा टाकते,” म्हणून पंचफुला उठली.

मागच्या खोलीत जाऊन तिनं आधी डोळे पुसले. मग अर्धवट गोधडीची घडी उचलली. खाली तसलीच छपरी होती, तेवढीच, श्रावणभर खपून तिनं केलेली. करवतीचे दात भिंतीकडं. रंध्याचं पातं सुलटं. चाकाला तिनं बोट लावलं. जराही न डगमगता ते फिरत राहिलं.

परसात पाणी तापवायची चूल पेटलेली होती. तिनं ती छपरी उचलून आत सारली.

“पंचफुले,” ओसरीतून मिस्त्रीची हाक आली, “सागाचा वास कुठून येऊन राह्यला वं? काय जाळून राह्यली?”

“काई नाई जी,” ती म्हणाली. “माह्या हातचं बिघडलेलं काम हाये.”