तपासणीचं जेवण

देवासच्या एका छोट्या सहकारी बँकेत दर वर्षी तपासणीला साहेब यायचे. त्यांच्यासाठी दाल आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले करायला मॅनेजर विनोदिनीबाईंनाच बोलवायचा. "काकू, तुपात कंजूसी नको," एवढंच त्याचं सांगणं असे. बाई भरल्या मनानं वाढत. "घ्या हो साहेब, एवढा एक बाफला तरी घ्याच!" साहेब जेवून तिथेच आडवे होत आणि संध्याकाळच्या बसनं इंदूरला परतत.

गेल्या महिन्यात बँकेला कुलूप लागलं. बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले चार लाख आत अडकले.

त्यांचा मुलगा मयुरेश रडवेला होऊन म्हणाला, "आई, तू तर तिथेच असायचीस. साहेब हिशेब तपासत नव्हते का गं?"


"कसे तपासतील रे? दर वर्षी मीच त्यांना जेवू घालून झोपवत होते."