निळ्या पट्टीवरचं पाणी

आइलीने गाडी विकून टाकली आणि गॅरेजमध्ये गरम पाण्याचा छोटा पूल बांधून घेतला, तेव्हा तिची मुलगी मार्था महिनाभर धुसफुसत होती. पण अमेरिकेच्या उत्तरेतल्या डुलुथच्या थंडीत आइलीच्या गुडघ्यांना दुसऱ्या कशानेच आराम पडत नव्हता.

पुलाची सगळी उस्तवार ती स्वतः करी. सकाळी जाड झाकण गुंडाळायचं, क्लोरिन तपासायचं आणि काठाखालच्या निळ्या फरशीच्या पट्टीवर नजर टाकायची. पुलात कुणी नसलं की पाणी पट्टीच्या खाली असायचं. ती आत उतरली की पट्टी बुडायची.

गेला आठवडाभर मात्र झाकण काढताच पट्टी बुडालेली दिसत होती. पाणी उपसून टाकलं तरी दुसऱ्या सकाळी तेच.

"आई, बंद करून टाक हा पूल," स्वयंपाकघराच्या दारातून मार्था म्हणाली. "मला इथे उभंसुद्धा राहवत नाही."

"मग नको राहूस. पूल बंद करायचा तर आधी मला उचलून बाहेर काढ!"

कठडा धरून आइली पाण्यात उतरली. पाणी काठावरून सांडून गॅरेजभर पसरलं.

"हे बघ," ती समोरच्या वाफेवर खेकसली, "गुडघे माझे, पूलही माझा. तू कुणीही अस. चल, नीघ बाहेर!"

पाणी हललं. मग झपकन खाली गेलं, आणि आइली आत असूनही निळी पट्टी उघडी पडली.

आइली हसली. "बघितलंस, मार्थे?"

कुणाला तरी घरात जायला वाट द्यावी तशी मार्था अंग चोरून चौकटीला चिकटली होती.